कुलपातली कुंभारीण

चाचांची आठवण आली की मला आधी राग येतो, मग हसू येतं, आणि त्यानंतर जे येतं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माणूस शहाणा होता की येडा, हे तीन वर्षं एका छपराखाली काम करून मला कळलं नाही. आता इतक्या वर्षांनी कळेल असंही नाही. तरी सांगते.

आमचा जनावरांचा दवाखाना फुलसावंगीहून बराच आत, एका आडवळणाच्या गावात होता. दोन खोल्या, पुढे पडवी, अंगणात बैलाला अडकवून उभं करायचा लोखंडी खोडा आणि एक कडुनिंब. डॉक्टरांकडे दोन दवाखान्यांचा कारभार, त्यामुळे ते आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीच्या दिवशी मी पशुधन पर्यवेक्षक आणि चाचा परिचर, एवढाच काय तो दवाखाना. माझी ती पहिली नोकरी. लोहाऱ्याला कारखान्यांच्या भिंतीला लागून वाढलेली मुलगी मी. शेळीच्या पोटात किती कप्पे असतात हे तोंडपाठ होतं, पण शेळी पळाली तर तिला कुठून अडवायची हे काही कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी एसटीतून उतरून, धुळीनं माखून फाटकातून आत आले, तर एक मेंदी लावलेल्या दाढीचा किडकिडीत म्हातारा अंगणात उकिडवा बसलेला. चपला हातात. उठला नाही, नमस्कार नाही, काही नाही.

“म्याडम, पाय थोडा तिकडून टाका,” म्हणाला. “इथं लाइन चालू हाये.”

लाइन मुंग्यांची होती. मोठ्या काळ्या मुंग्या, बिळाच्या तोंडाशी भुशाचं गोल कडं घातलेलं. मी नवी साहेबीण, बॅग हातात, आणि हा मला सांगतोय की वळसा घालून जा. मी वळसा घातला. आजही मला त्याचं आश्चर्य वाटतं. हेच चाचा. मग त्यांनी मला तो भुसा चिमटीत उचलून दाखवला. पूर्वी म्हणे याच दारावर ज्वारीचा कोंडा असायचा, तिळाची टरफलं असायची. आता निरं गवताचं बी. सगळ्या शिवारात कापूस, मग मुंग्यांनी आणायचं काय? शिवारात काय पेरलंय ते तलाठ्याला विचारू नका, यांना विचारा, असं त्यांचं म्हणणं. हे “त्याले इचार” मी पुढची तीन वर्षं दिवसातून दहादा ऐकलं. बैल चारा खात नाही, त्याले इचार. कोंबडी अंडी कुठं घालते, तिले इचार. एकदा डॉक्टरांनी चिडून विचारलं की यूरियाचा डबा कुठं ठेवला, तर चाचांनी भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवलं, आणि डबा खरंच त्या पालीच्या मागे, फळीवर होता. तो योगायोग होता की नाही यावर माझा आणि डॉक्टरांचा वाद झाला.

चाचांची कामाची एक पद्धत होती. रोज एक जनावर धरायचं आणि त्याच्या मागे चालायचं. धरायचं म्हणजे मनात धरायचं. कधी गाय, कधी सरपंचांची कोंबडी, कधी शेणाची गोळी ढकलणारा किडा. किड्याच्या मागे असले की चपला हातात, का तर त्याला पावलांचा हादरा बसतो. सोबत रुमालात भाकरीचा तुकडा. कुठं थांबला, काय तोंडात घेतलं, काय हुंगून सोडून दिलं, सगळं पाहायचं. आणि बाकीचं जग उघडं पडलं तरी चालेल. मी दवाखान्यात एकटी, बाहेर म्हैस आडवी पडलेली, आणि चाचा नाल्यापलीकडे एका बगळ्याच्या मागे. मी संतापून सांगितलं की बाहेर जाताना निदान दौरा नोंदवहीत लिहून जात जा. तर त्यांनी लिहायला सुरुवात केली. ‘कोंबडी, लाल. उकिरडा ते मशीद.’ ‘बैल, पांढरा. पाण्यापर्यंत.’ ‘शेळी, काबरी. नऊ ते चार.’ तपासणीला यवतमाळहून साहेब आले, त्यांनी ती वही उघडली, चार पानं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हे आमचे चाचा आहेत. साहेबांनी वही मिटली आणि चहा मागितला.

बरं, नुसता वेडेपणा म्हणावा तर तसंही नव्हतं. एका शेतकऱ्याचा बैल आठ दिवस रवंथ करेना. डॉक्टरांची औषधं झाली, गावठी काढे झाले. चाचा बैलाच्या मालकाशी एक शब्द बोलले नाहीत. बैलाच्या आठवडाभराच्या वाटेनं उलटे चालत गेले आणि सरकीच्या ढिगाजवळून अर्धवट चघळलेली नायलॉनची दोरी घेऊन आले. दुसरा अर्धा भाग बैलाच्या पोटातून निघाला. मी तेव्हा त्यांच्या पाया पडायची बाकी होते. पण त्याच महिन्यात त्यांनी ठरवलं की बगळे ज्या म्हशीमागे जास्त फिरतात ती म्हैस आजारी पडणार. दोन महिने आम्ही बगळे मोजले. होय, मीपण मोजले. एकही म्हैस आजारी पडली नाही, उलट जिच्यामागे बगळे नव्हते तीच पडली. चाचा म्हणाले, मग उलटं असेल. असल्या माणसाचं काय करायचं, सांगा बरं.

त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडिलांनी कापूस पिंजून गाद्या भरण्यात हयात घालवली. तरी चाचा कापसाबद्दल बोलत नसत. त्या वर्षांत चहाच्या टपरीवर, एसटीत, मयतीलासुद्धा कापसाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. बियाणं, फवारा, बोंड, भाव. घराघरात कसलं तरी दडपण. चाचा यात पडत नसत. फक्त एकदा मला म्हणाले, “म्याडम, कापसात जो कोणी जेवाले येत होता, तो येऊन नाही राह्यला. अन् जो नाही यायले पाहिजे तो येऊन राह्यला.” मी विचारलं, म्हणजे काय. तर म्हणाले, म्हणजे काय ते मलेही समजून नाही राह्यलं.

आता याडीबद्दल सांगते. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथली ही म्हातारी. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, पण तिला सगळं गावच याडी म्हणायचं. लेक-जावई ऊसतोडीला गेलेले, घरी ही एकटी आणि हिच्या अकरा शेळ्या. शेळ्या होत्या म्हणून तिचं पोट होतं, आणि शेळ्या होत्या म्हणून तिला कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं. दुसरं तिच्यापाशी काही नव्हतं. रोज सकाळी ती दवाखान्यावरून शेळ्या घेऊन जायची आणि आठवड्यातून दोन दिवस तरी चाचा त्या शेळ्यांच्या मागे लागायचे. दोघं एकमेकांशी फार बोलत नसत. ती पुढे, शेळ्या मध्ये, चाचा मागे.

त्या अकरांतली म्होरकी म्हणजे काबरी. अंगावर ठिपके, एक शिंग तुटकं, आणि स्वभाव माझ्या सासूसारखा. ती जे खाईल तेच बाकीच्या खाणार. चाचांनी मला मुद्दाम नेऊन दाखवलं होतं, भर फवारणीच्या दिवसांत. बांधाला लागून कापसाची एक ओळ सकाळीच फवारलेली. काबरीनं मान लांब केली, हुंगलं, नाकातून फुसकन हवा सोडली आणि वळली. मागच्या दहा जणी तिच्यामागे वळल्या. एकीनंही पानाला तोंड लावलं नाही. चाचांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांच्या नातीचा पहिला नंबर आला. जनावराला सगळं समजतं, आपल्यालाच विचारता येत नाही, हे त्यांनी याडीला तेव्हाच सांगून ठेवलं. कुठं चारायचं ते माणसाला विचारू नको, काबरीला विचार. ती खात असली तर बिनघोर खाऊ दे. याडीनं ते मनावर घेतलं. मीही घेतलं म्हणा ना.

संक्रांत होऊन गेली होती. एका सोमवारी सकाळी मी आले, पडवीतल्या औषधांच्या कपाटाला किल्ली लावली, तर ती आत जाईना. वाकून पाहिलं. शनिवार-रविवारच्या सुट्टीत कुंभारीण माशीनं कुलपाच्या भोकात मातीचं घर बांधलं होतं. बारीक कमरेची, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ती माशी. मी काडी शोधायला लागले, तर चाचा कपाट आणि मी यांच्यामध्ये येऊन उभे राहिले. तीन हप्त्यांचा मामला आहे म्हणाले, पोरं झाली की ती आपसूक मोकळं करून जातील. मी भरपूर बोलले. सरकारी कपाट आहे, माशीचं बाळंतपण करायला नाही, वगैरे. चाचांनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. जंताची, पोटफुगीची, रोजच्या लागण्याची सगळी नवी औषधं शुक्रवारीच आली होती आणि खोक्यातच होती. कपाटात होतं ते क्वचित लागणारं. त्यात फवारणीच्या विषावरची इंजेक्शनंही होती, हे मला ठाऊक होतं. पण कापसाच्या वेचण्या संपल्या होत्या, फवारणीचे दिवस सरले होते.

तेवढ्यात ती माशी आली. तिच्याएवढीच लांब हिरवी अळी पायात धरलेली, पोरांच्या खाण्यासाठी डंख मारून लुळी केलेली. भोकाशी टेकली, अळी आत ढकलली, अर्धी बाहेर राहिली, पुन्हा ढकलली. मी अर्धा तास नुसती पाहत उभी राहिले. कामाच्या वेळेत असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं. मग मी म्हटलं, राहू द्या. ते ‘राहू द्या’ माझं होतं, चाचांचं नव्हतं.

त्या आठवड्यात चाचांनी दुसरं जनावर धरलं नाही. माशीमागे धावणं सोपं नाही, पण तिची दिशा धरत, थोडं थोडं पुढे उभं राहत, त्यांनी तिचं शिकारीचं ठिकाण शोधून काढलं. नाल्याकाठी एकानं कापूस उपटला नव्हता, पाणी देऊन फरदड ठेवली होती. म्हणजे हंगाम संपल्यावरही तोच कापूस पुढे चालवायचा, आणखी एखादी वेचणी पदरात पडावी म्हणून. चहूकडे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणि मध्ये हे एकच शेत हिरवंगार. कुंभारीण तिथून अळ्या आणत होती. आमच्याकडे शेताच्या तोंडावर काटेरी फांदी आडवी लावलेली असते. ती काढली की शेत चरायला मोकळं, कोणाला विचारावं लागत नाही. बुधवारी या शेताची काटी बाजूला पडलेली होती. मालकानं बैलगाडी आत नेताना काढली आणि परत लावायची विसरला, हे मागाहून कळलं. गुरुवारी काबरी आत शिरली, चांगली पोटभर खाल्लं, बाकीच्यांनीही खाल्लं. चाचा तिथंच होते. याडीनं विचारलं तेव्हा त्यांनी हसून काबरीकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी सकाळी चाचा नाल्यावरून आले ते कोड्यात पडूनच. माशीनं आज रस्ता बदलला म्हणाले. फरदडीवरून गेली, पण उतरली नाही, सरळ पुढे हरभऱ्यात गेली. काहून? आम्ही दोघं चहा पीत बसलो. मी म्हटलं, अळ्या संपल्या असतील. चाचा म्हणाले, कालपर्यंत होत्या. मी म्हटलं, दुसरी माशी असेल. ते म्हणाले, तिच्या पंखाला चिरा आहे, मी ओळखतो. मग मी म्हटलं, हरभऱ्यातल्या जास्त चवदार असतील. आम्ही हसलो. चांगला पाऊण तास आमचा तर्क चालला होता.

दुपारी बाराच्या सुमारास याडी आली. एक शेळी खांद्यावर, मागे तांड्यातल्या माणसाची बैलगाडी, त्यात बाकीच्या. तोंडाला फेस, पाय ताठ, अंग थडथडत होतं. कसलं विष आहे ते पाहताक्षणी कळलं. चाचा नाल्यावर पोचायच्या आधीच, उजाडताच मालकानं फरदड फवारली होती. आणि काबरी त्या पहाटे व्यायली होती, म्हणून याडीनं तिला तांड्यावर बांधून ठेवलं होतं. काल काबरीनं खाल्लेलं शेत, म्हणून दहा जणींना निर्धास्त आत सोडलं. दोन गाडीतच गेल्या होत्या.

मी ‘इंजेक्शन’ एवढंच म्हटलं, तोवर चाचा कपाटाशी पोचले होते. माशी भोकावरच होती. त्यांनी तिला हातानं उडवलं. कोणत्याही जीवाला त्यांनी हातानं उडवलेलं मी तेवढंच पाहिलं. तारेनं उकरलं, माती वाळून पक्की झाली होती. थोडी निघाली, थोडी आत घुसली, किल्ली फिरेना. मग पाना, मग अंगणातला दगड. चाचा दगड मारत होते, मी शेळ्यांची डोकी धरून बसले होते, तोंडातला फेस पुसत होते. याडी गुडघ्यावर बसून एकेकीला नावानं हाक मारत होती. कुलूप फुटेपर्यंत पडवीत आणखी दोघी गेल्या. त्यानंतर मी सुया दिल्या. सहा वाचल्या.

संध्याकाळच्या आत याडी सहा शेळ्या घेऊन गेली. माणसं पांगली. फरदडीवाला येऊन रडून गेला. चाचा कपाटासमोर जमिनीवर बसलेले, ओंजळीत मातीचे तुकडे. त्यांनी मला जवळ बोलावलं. मातीत चार हिरव्या अळ्या होत्या.

“मेल्या नाही, म्याडम,” म्हणाले. “जिवंत हाये. फक्त हालत नाही.”

मग एक अळी बोटानं हलकेच लोटून पाहिली. आणि म्हणाले, “तिनं सकाळीच सांगतलं होतं. मी इचारलं, तिनं सांगतलं, अन् मले समजलं नाही.”

मला खूप रडू आलं. अळ्या चवदार असतील असं मीच म्हटलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, कुलपाला किती वेळ लागला. मी म्हटलं, दोन मिनिटं. कोणाला कळायच्या आत फोडलंत तुम्ही. त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

आठवड्यानं याडी आली, काबरीला घेऊन. पिल्लं मागे. माझ्याकडे पाहिलं नाही. काबरीला कडुनिंबाला बांधलं आणि चाचांना म्हणाली, “भाई, इले इचार. ही त्या दिवशी असती तं बाकीच्या वाचल्या असत्या का? इचारून मले सांग.” आणि निघून गेली. टोमणा होता, शाप होता, की तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, मी तिच्या आवाजावरून ओळखू शकले नाही. रागानं बोललेली नव्हती. चाचांनी ते खरंच मनावर घेतलं. संध्याकाळी काबरीला तांड्यावर पोचवून आले, सकाळी पुन्हा आणलं. फरदडीच्या बांधावर तिला नेऊन उभं करायचे. काबरी आत पाऊल टाकत नव्हती. मला वाटलं, मिळालं उत्तर, सुटले बिचारे. तर म्हणाले, हे आजचं झालं. दाव्याला धरून आणलेली शेळी, मागे मी उभा. आता फवाऱ्याचा वास तरी कुठं राहिला? त्या दिवशी ती काय करती, हे आज कसं समजावं? त्यांनी नंतर असंही म्हटलं की औषध नवीन असेल, त्याला वासच नसेल. मग माशीला कसा आला? दुसऱ्या दिवशी म्हणाले, माशीला वास आलाच नसेल, अळ्याच मेलेल्या दिसल्या असतील. मी ऐकत राहायचे. माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा, पण थांबवायची हिंमत नव्हती.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल, नारळ, डॉक्टरांचं चार वाक्यांचं भाषण. ते गेल्यावर मी दौरा नोंदवही उघडली. त्या शुक्रवारनंतर वहीत दुसऱ्या कोणत्याही जनावराची नोंद नव्हती. पानामागून पान काबरी. शेवटची नोंद त्यांच्या शेवटच्या दिवसाची होती. ‘काबरी. बांधापर्यंत. उत्तर नाही.’

पुढं माझ्या बदल्या होत गेल्या. झरी जामणीच्या जंगलातही तीन वर्षं काढली. प्रत्येक दवाखान्यात संक्रांत झाली की मी कपाटाच्या कुलपात कापसाचा बोळा घालायचे. कुंभारीण यायची, तोंड लावून पाहायची, जायची. कोणी विचारलं तर मी सांगायचे, धूळ जाते. ती पुढे कुठं घर करते ते पाहायला मी कधी तिच्या मागे गेले नाही.

पडवीत घड्याळ होतं, कपाटाच्या समोरच्या भिंतीवर. चाचांची त्याला पाठ होती, माझी नव्हती. दगडाचा पहिला घाव बसला तेव्हा मी पाहिलं आणि कुलूप फुटलं तेव्हाही पाहिलं. चौदा मिनिटं. मुंगी बिळातून निघून परत कधी येते हे सावलीवरून सांगणारा माणूस, त्याला दोन आणि चौदातला फरक कळला नसेल? की कळूनही त्यानं माझी दोन मिनिटं ठेवून घेतली, माझ्यासाठी? विचारायचं होतं. आता ते नाहीत, आणि कोणाला विचारावं हेही कळत नाही.